रेसिंग सिमसाठी तीन मॉनिटर: अंतर, कोन, स्टँड आणि वायरिंगबद्दल सल्ला हवा

खानापूर_एपेक्स विचारतात:

नमस्कार मंडळी. खानापुरात घरच्या १० बाय ११ फुटांच्या खोलीत सिम रिग (रेसिंग गेमसाठी सीट, व्हील आणि पेडल बसवलेली चौकट) बसवलेली आहे. सध्या एकच २७ इंची मॉनिटर आहे (२५६० बाय १४४०, १६५ हर्ट्झ, व्हीए पॅनल). आता तीन करायचे आहेत. बाकीचं सामान असं:

रिग लोखंडी, रुंदी ५८ सेंमी. व्हीलबेस (स्टीअरिंग फिरवणारी मोटर) डायरेक्ट ड्राइव्ह, ८ न्यूटन मीटर. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० सुपर, तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. सीटवर बसल्यावर डोळ्यांची उंची जमिनीपासून १०२ सेंमी.

घरात २४ इंची १०८० पिक्सेलचे दोन जुने मॉनिटर पडून आहेत. मधे २७ आणि बाजूला हे दोन चालतील का? नाही तर आणखी दोन २७ घ्यावेत की तिन्ही ३२ इंची घ्यावेत? स्टँड बेळगावात बनवून घेता येईल असं वाटतं, पण वेल्डरला नेमकी कोणती मापं द्यायची ते कळत नाही. बाजूचे मॉनिटर किती अंशांत वळवायचे, कुणी ४५ सांगतं तर कुणी ६०.

खेळतो आयरेसिंग आणि असेटो कोर्सा.

---

गुण्या_ओळंबा:

४५ की ६० हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. कोन आपण निवडायचा नसतो. मॉनिटरची रुंदी आणि डोळ्यापासूनचं अंतर ठरलं की कोन आपोआप ठरतो, आणि तो एकच असतो.

हिशेब सोपा आहे. मॉनिटरची कडेसकट अर्धी रुंदी भागिले डोळ्यापासून मधल्या काचेचं अंतर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याचा टॅन इनव्हर्स घ्या आणि दुप्पट करा. २७ इंची पॅनलची नुसती काच ५९.८ सेंमी रुंद असते, कडा धरून साधारण ६१.४ होते. म्हणजे अर्धी ३०.७. अंतर ६० सेंमी धरलं तर उत्तर येतं ५४ अंश. अंतर ६५ केलं तर साडेपन्नास. या कोनात बाजूचा मॉनिटर ठेवला की तिन्ही काचांचा मध्य डोळ्यापासून सारख्या अंतरावर येतो आणि प्रत्येक काच डोळ्याला काटकोनात दिसते. ६० सेंमीला एकूण दृश्य ३ गुणिले ५४, म्हणजे १६२ अंश. ओव्हरटेक करताना शेजारी आलेली गाडी मान न वळवता दिसते, ती यामुळेच.

आता २४ इंची जोडायचा विचार सोडून द्या. तीन कारणं आहेत. उंचीत तो २७ पेक्षा ४ सेंमी बुटका, त्यामुळे रस्त्याची कड एका काचेवरून दुसरीवर जाताना तुटते. पिक्सेलचा आकार वेगळा, २७ चा ०.२३ मिमी आणि याचा ०.२७. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एनव्हिडिया सराउंडला (तीन मॉनिटर जोडून एकच रुंद स्क्रीन करणारी सोय) तिन्हींचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट एकच लागतो, म्हणजे चांगल्या २७ ला १०८० वर उतरावं लागेल. रंगही जुळत नाहीत. ते २४ इंची टेलिमेट्री (गाडीचे वेग, ब्रेक वगैरे आकडे) किंवा चॅटसाठी ठेवा.

तुमच्याकडचं तेच मॉडेल अजून मिळत असेल तर आणखी दोन घ्या. मिळत नसेल तर तेच पॅनल असलेलं दुसरं शोधत बसू नका, तिन्ही नवे एकाच मॉडेलचे घ्या. व्हीए आणि आयपीएस हे दोन वेगळ्या जातीचे पॅनल शेजारी ठेवले की रात्रीच्या रेसमध्ये काळा रंग एका बाजूला करडा दिसतो आणि ते कुठल्याच सेटिंगने जात नाही.

३२ इंचीबद्दल: २७ इंची ६० सेंमीवर आणि ३२ इंची ७० सेंमीवर, दोन्हींत दृश्य जवळजवळ तेवढंच मिळतं, ५४ अंशच. मोठ्या काचेने जास्त दिसतं हा गैरसमज आहे, फक्त ती लांब ठेवता येते. त्यामुळे निर्णय व्हीलबेसवर सोडा. मॉनिटर ६० सेंमीवर आणायचा तर त्याची खालची कड बेसच्या वर यायला हवी. २७ इंची काचेच्या मध्यापासून खालची कड १९ सेंमी खाली येते. तुमच्या बेसची वरची बाजू डोळ्याच्या पातळीपासून २० सेंमी किंवा जास्त खाली असेल तर २७ बसतो. नसेल तर मॉनिटर बेसच्या मागे ढकलावा लागतो, अंतर ७०-७५ होतं, आणि तिथे ३२ घेण्यात अर्थ आहे. आधी हे माप घ्या, मग दुकानात जा.

खोलीची काळजी नको. २७ इंची तिघांची एकूण रुंदी १३४ सेंमी होते, ३२ इंचींची १५५. बाहेरच्या कडा तुमच्याकडे ५० सेंमी पुढे येतात, म्हणजे ६० सेंमी अंतराला बाजूच्या काचेची टोकं डोळ्याच्या जेमतेम १० सेंमी पुढे असतात. सीटवर बाजूने चढता येणार नाही, मागून किंवा मॉनिटरखालून पाय टाकायची सोय बघून ठेवा.

---

उद्यमबाग_फिटर:

वरचा हिशेब बरोबर आहे. आता लोखंडाचं बोलू.

स्टँड रिगला जोडू नका, सुटा उभा करा. ८ न्यूटन मीटरचा बेस कर्बवर (ट्रॅकच्या खडबडीत कडेवर) जो हादरा देतोय तो सगळा मॉनिटरात जातोय, काच थरथरते आणि व्हेसाचे (मॉनिटरच्या पाठीमागच्या चार भोकांचे) स्क्रू महिनाभरात ढिले पडतात.

माल: ४० बाय ४० चा चौकोनी एमएस पाईप, जाडी २ मिमी. दुकानात “दीड इंची” म्हणून मागू नका, ३८ चा हातात देतील आणि लेझर कटिंगच्या प्लेटी जुळणार नाहीत. मापं इंच-सुतात सांगू नका, ड्रॉइंगवर सगळं मिलिमीटरमध्ये लिहून द्या. ४० म्हटलं की ४०, मग वेल्डर कानडी असो की मराठी, गोंधळ नाही.

एक पूर्ण लांबी २० फुटांची असते, ६.१ मीटर. त्यातच सगळं बसतंय:

पाय २ नग, ७० सेंमी. उभे खांब २ नग, ९५ सेंमी. आडव्या पट्ट्या २ नग, ७५ सेंमी. बाजूचे हात २ नग, ५५ सेंमी. मधल्या मॉनिटरचा उभा तुकडा १ नग, १५ सेंमी. बेरीज ६०५ होते आणि कटिंगच्या चकतीला प्रत्येक कापाला दोन-तीन मिमी जातात, म्हणून कापणाऱ्याला आधी यादी द्या, मनाने कापू नका म्हणावं. पाईपचं वजन साधारण साडेचौदा किलो.

खालची आडवी पट्टी जमिनीवर टाकायची चूक नव्वद टक्के ड्रॉइंगमध्ये दिसते. तिथून तुमची रिग आणि पेडल जातात! ती पट्टी जमिनीपासून ५५ सेंमी वर, नडगीच्या वरून आणि बेसच्या खालून काढा. दोन खांबांच्या आतली मोकळी जागा ७५ सेंमी राहते, तुमची ५८ ची रिग आरामात मधे सरकते. जमिनीवर बांधणारी पट्टी नसल्याने खांब आणि पाय यांच्या सांध्यात ५ मिमी पत्र्याचे त्रिकोणी गसेट (कोपऱ्याला आधार देणारे तुकडे) दोन्ही बाजूंनी मारून घ्या, नाहीतर स्टँड डावी-उजवीकडे डुलतंय.

पाय खांबाच्या पुढे ४५ आणि मागे २५ सेंमी. बाजूचे मॉनिटर पुढे झुकलेले असतात, वजन पुढे येतंय. पाय दोन्हीकडे सारखे ठेवले तर केबल ओढली की स्टँड तुमच्याच अंगावर येणार.

वरची आडवी पट्टी खांबांच्या डोक्याशी. तिच्या पुढच्या तोंडाला, बरोबर मधोमध, १५ सेंमीचा उभा तुकडा वेल्ड करा आणि त्यावर व्हेसा प्लेट. प्लेट ६ मिमी जाड, १२० बाय १२० मिमी, भोकं १०० बाय १०० च्या चौकात. पट्टीचा मध्य जमिनीपासून ९७ सेंमीवर येतो आणि तुमचा डोळा १०२ वर आहे, म्हणून तुकडा वरच्या बाजूला जास्त ठेवा आणि प्लेटमागच्या भोकांना उभा स्लॉट करा, ५-६ सेंमी वर-खाली व्हायला पाहिजे.

हात कुठे फिरतात हे नीट वाचा. फिरायचा बोल्ट वरच्या आडव्या पट्टीतूनच, मध्यापासून ३०.७ सेंमीवर. हात पट्टीच्या डोक्यावर बसतोय, म्हणून बाजूच्या प्लेटी आपल्या पाईपच्या मानाने मधल्या प्लेटीपेक्षा ४ सेंमी खाली घ्या म्हणजे तिन्ही काचा एका रेषेत येतील. बोल्ट एम १२, लांबी ११० मिमी. पाईपची भिंत २ मिमीचीच आहे, नुसता बोल्ट आवळला तर पाईप चेपतो. आत नळीचा बुश टाका. भोक साडेबारा मिमीपेक्षा मोठं नको. अर्धा मिमी ढिलाई दिसायला काही नाही, पण ४० मिमी उंचीच्या सांध्यात तेवढी ढिलाई राहिली की ४१ सेंमी लांब असलेला मॉनिटर ५ मिमी खाली बसतो. म्हणून बोल्टखाली साधा वायसर नको, ८० मिमीची ६ मिमी जाड प्लेट टाका आणि नायलॉक नट.

---

खानापूर_एपेक्स:

बेसची वरची बाजू डोळ्यापासून २२ सेंमी खाली भरली, म्हणजे २७ च घेतो. फिटरदादा, ४१ सेंमी हे माप कुठून आलं? अर्धी रुंदी ३०.७ आहे, मग प्लेट बोल्टपासून ३०.७ वर नको का?

---

उद्यमबाग_फिटर:

नको, आणि इथेच स्टँड वाया जातात. बोल्ट काचेच्या मागे आहे. सपाट असताना दोन मॉनिटर कडेला कड लावून बसतात, पण हात पुढे वळवला की बाजूच्या मॉनिटरची आतली कड मधल्यात घुसते. बोल्ट मधल्या काचेच्या जितका मागे, तितकी जास्त घुसते.

तुमच्या स्टँडवर: बाजूच्या हाताचा अर्धा पाईप २ सेंमी, प्लेट ०.६, मॉनिटरची जाडी ५ धरली, म्हणजे बाजूची काच बोल्टच्या मध्यापासून ७.६ सेंमी पुढे. ५४ अंशांत कड तंतोतंत जुळायची तर मधली काच त्याच बोल्टच्या रेषेपासून १२.९ पुढे पाहिजे (७.६ भागिले ५४ चा कॉस). पट्टीचा अर्धा पाईप २, उभा तुकडा ४, प्लेट ०.६, मॉनिटर ५, बेरीज ११.६. राहिले १३ मिमी. मधल्या प्लेट आणि मॉनिटरच्या मधे १३ मिमीचे चार बुश टाका, एम ४ चे ३० मिमी लांबीचे स्क्रू वायसर घालून घ्या. मॉनिटरसोबत येणारे १० किंवा १२ मिमीचे तिथे पोचणार नाहीत. आणि लांब स्क्रू जबरदस्तीने शेवटपर्यंत पिळू नका, मॉनिटरच्या आत ८-१० मिमीच जायला पाहिजे, पुढे सर्किट आहे.

बाजूचा मॉनिटर मग १२.९ गुणिले ५४ चा साइन, म्हणजे साडेदहा सेंमी बाहेर सरकतो. साडेदहा अधिक ३०.७, बोल्टपासून प्लेटचा मध्य ४१ सेंमी. तुमच्या मॉनिटरची जाडी स्केलने मोजा, आकडे थोडे बदलतील. म्हणून हातावरच्या स्लॉटला दोन्हीकडे ४ सेंमी जागा ठेवा. वेल्ड करून टाकू नका.

कोन ठरल्यावर हात हलू नये म्हणून चौथाई वर्तुळाची ६ मिमी प्लेट, तिच्यात कमानीचा स्लॉट, एम ८ चा एक बोल्ट. लेझर कटिंगला डीएक्सएफ फाइल (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) दिली की व्हेसा प्लेटी आणि ही प्लेट एकाच पत्र्यातून निघतात.

रंगाचं राहिलं. खानापूरकडचा पाऊस बघता नुसता ऑइल पेंट टिकणार नाही. पावडर कोटिंग करा, नाहीतर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि मग रंग. पाईपची उघडी तोंडं प्लास्टिक टोपीने बंद करा, आतून गंजतंय.

---

गुण्या_ओळंबा:

जुळवणी कशी करायची तेही लिहून ठेवतो, कारण कोनमापक लावून कुणाला जमत नाही.

नेहमीच्या जागी, पेडलवर पाय ठेवून बसा. दुसऱ्या माणसाने छतावरून ओळंबा सोडायचा, दोरी डोळ्याच्या कोपऱ्याला लागेल अशी. तुम्ही उतरलात तरी डोळ्याची जागा हवेत राहते. आता एक सुतळी घ्या, एका टोकापासून ६० सेंमीवर गाठ आणि ६७.४ सेंमीवर दुसरी. टोक ओळंब्याशी १०२ सेंमी उंचीवर धरा. पहिली गाठ तिन्ही काचांच्या मध्याला टेकली पाहिजे, दुसरी चारही उभ्या कडांना: मधल्या-बाजूच्या दोन सांध्यांना आणि बाहेरच्या दोन टोकांना. सगळीकडे टेकली की कोन बरोबर आहे, मोजायची गरज नाही. बाहेरचं टोक जवळ येत असेल तर कोन जास्त झालाय, लांब जात असेल तर कमी.

वर-खालची पातळी पाणसळीने तिन्ही मॉनिटरांच्या वरच्या कडेवर बघा. खोलीच्या फरशीवर भरवसा ठेवू नका, जुन्या घरांत दीड मीटरला सेंटीमीटरचा उतार सहज असतो.

---

सतरा_लॅप_निपाणी:

सॉफ्टवेअरचं मी सांगतो.

आधी भार समजून घ्या. तीन १४४० म्हणजे ७६८० बाय १४४०, १ कोटी १० लाख पिक्सेल. एका ४के स्क्रीनला ८३ लाख असतात. म्हणजे तुमच्या कार्डावर ४के पेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त काम पडणार. ४०७० सुपर हे ओढतं, पण १६५ फ्रेमची अपेक्षा धरू नका. फ्रेम ९० वर लॉक करा आणि त्या कधीच खाली जाणार नाहीत एवढ्या सेटिंग उतरवा. पहिल्यांदा आरसे आणि त्यांत किती लांबचं दिसतं ते अंतर, मग सावल्या, मग प्रेक्षक. पहिल्या वळणात ३० गाड्या असताना फ्रेम कोसळल्या तर प्रॅक्टिसमधल्या १५० चा काही उपयोग नाही.

जोडणी: तिन्ही मॉनिटर डिस्प्लेपोर्टला, एक एचडीएमआयवर आणि दोन डिस्प्लेपोर्टवर असं करू नका. केबल मदरबोर्डच्या पोर्टात गेलेली नाही ना ते बघा, ही चूक फार होते. बाजूच्या मॉनिटरला ३ मीटरची केबल पुरते. साध्या तांब्याच्या ५ मीटर केबलवर स्क्रीन क्षणभर काळी होणं, चमकणं हे दिसतं आणि लोक मॉनिटरला दोष देतात. स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये २० नंबरची पिन जोडलेली असते, ती मॉनिटरकडून कार्डात करंट उलटा पाठवते आणि पीसी बंद केला तरी नीट बंद होत नाही किंवा सुरू होताना अडकतो. तसं झालं तर आधी केबल बदला.

प्रत्येक मॉनिटरच्या मेनूत जाऊन डीप स्लीप आणि आपोआप इनपुट शोधणं बंद करा. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल किती वेगाने बदलतात ती सेटिंग) तिन्हींवर एकाच पायरीवर. डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर बटणाने बंद केला की विंडोजला वाटतं तो काढूनच टाकला, आणि डावा-उजवा क्रम बदलतो. पीसीच्या आधी तिन्ही मॉनिटर सुरू असू द्या.

मग विंडोजमध्ये तिन्हींचा रिफ्रेश रेट एकच करा, बाकी सगळे प्रोग्राम बंद करा आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधून सराउंड सुरू करा. बेझल करेक्शन (मॉनिटरच्या कडांमागे लपणाऱ्या चित्राची भरपाई) तिथे शून्य ठेवा. ते गेमच्या आत द्यायचं आहे, दोन्हीकडे दिलं तर दुप्पट होतं आणि गाडीचा खांब सांध्यात नाहीसा होतो.

आता मुख्य गोष्ट. नुसतं सराउंड करून गेम ७६८० वर चालवला तर गेम एकच सपाट चित्र काढतो आणि ते तीन काचांवर ताणतो. बाजूची झाडं, भिंती लांबट होतात, वेग खरा वाटत नाही आणि शेजारची गाडी किती जवळ आहे याचा अंदाज चुकतो. म्हणून गेमला सांगावं लागतं की तीन वेगळे कॅमेरे लाव. आयरेसिंगमध्ये ग्राफिक्स सेटिंगमध्ये तीन प्रोजेक्शनचा पर्याय आहे, असेटो कोर्सामध्ये व्हिडिओच्या रेंडरिंग मोडमध्ये ट्रिपल स्क्रीन. तिथे काचेची रुंदी ५९८ मिमी, कडेसकट ६१४, अंतर ६०० आणि कोन ५४ भरा. असेटोमध्ये एककं कोणती आहेत ते बघून भरा. आकडे खरे मोजलेले हवेत. दृश्य “जरा जास्त मोकळं” वाटावं म्हणून अंतर खोटं भरलं की वळणाचा अंदाज बिघडतो.

तपासायला सरळ पिट लेनमध्ये गाडी उभी करा आणि भिंतीची वरची कड बघा. ती मधल्या काचेतून बाजूच्या काचेत जाताना सांध्यात तुटू नये. वर-खाली तुटत असेल तर मॉनिटरची उंची चुकलीय. सांध्यात कोपरा दिसत असेल तर कोन किंवा अंतराचा आकडा.

---

खानापूर_एपेक्स:

फारच उपयोगी माहिती. एक राहिलं: खोलीत इन्व्हर्टर आहे. लाईट गेली तर मॉनिटर चालू राहतात पण पीसी रिस्टार्ट होतो. आणि अनवाणी रिगला हात लावला की हलका झटका बसतो.

---

सतरा_लॅप_निपाणी:

झटक्याचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. रिग लोखंडी, स्टँड लोखंडी, त्यावर पीसी आणि बेसचा अडॅप्टर. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतोच, तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा. झटका बसतोय म्हणजे बहुतेक सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे एकतर वायर नाही किंवा अर्थिंगचा खड्डा सुकला आहे. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या, २३० च्या आसपास यायला हवा, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. शिवाय अर्थिंग करंट पेलतं का ते अर्थ टेस्टरने तपासायला सांगा, नुसत्या मल्टिमीटरला बारीक वायरही ठीक दाखवते. रिगच्या फ्रेमपासून स्टँडपर्यंत आणि तिथून बोर्डाच्या अर्थिंगला २.५ चौरस मिमीची हिरवी वायर रिंग लगने जोडा. रंग खरवडून लोखंडाला लावा, पावडर कोटिंगवरून करंट जात नाही. व्हील मधेच यूएसबी सोडतं, पेडल गायब होतात, या तक्रारीही पुष्कळदा याने जातात.

इन्व्हर्टर: घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर लाईट गेल्यावर बदलायला जो वेळ घेतो तेवढा वेळ पीसीचा पॉवर सप्लाय तग धरत नाही. मॉनिटरचा अडॅप्टर तग धरतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर तिथे करून बघा. नसेल तर पीसीसाठी वेगळा यूपीएस. हिशेब: पीसी खेळताना ४०० वॅट, तीन मॉनिटर ९० ते १०० वॅट. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच देतो, तो लाईट जाताक्षणी बंद पडेल. १५०० व्हीए, ९०० वॅटचा घ्या. व्हीलबेस त्यावर लावू नका, सरळ भिंतीच्या सॉकेटला. लाईट गेली की व्हील सैल पडेल, पण पीसी बंद करायला वेळ मिळेल आणि बॅटरीवर अचानक भार येणार नाही.

वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढताना इंटरनेटची लॅन केबलही काढा. वीज तिकडूनही येते, आणि मग मदरबोर्ड जातो.

---

उद्यमबाग_फिटर:

हिरवी वायर जोडायला स्टँडच्या मागच्या पायाला एम ६ चा नट आधीच वेल्ड करून घ्या, कोटिंगच्या आधी. त्यात बोल्ट घालून ठेवा म्हणजे आट्यांत पावडर भरणार नाही.